गिटची ‘बॅड लाइन लेंथ कॅरेक्टर’ एरर: घालवली तरी परत का येते?

लक्षण असं. सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन व्यवस्थित होतं, की बरोबर आहे, रिपॉझिटरी जागेवर आहे, परवानग्याही ठीक आहेत. पण गिट फेच (बदल आणणं) किंवा गिट पुश (बदल पाठवणं) मारलं की एकच ओळ येते आणि खेळ खलास:

फेटल: प्रोटोकॉल एरर: बॅड लाइन लेंथ कॅरेक्टर: वेल्क

यानंतर टीममध्ये काय होतं ते ठरलेलं आहे. कोणी एसएसएच की नव्याने बनवतो, कोणी क्लोन पुसून पुन्हा करायला जातो, कोणी गिट अपग्रेड करतो, आणि नेटवर्कवाल्याला उगाच फोन जातो. शेवटी कोणीतरी सर्व्हरवरच्या एका फाइलमधली ओळ उडवतो, सगळं सुरळीत होतं, आणि काही महिन्यांनी तीच एरर दुसऱ्याच कोणाला तरी येते. ती का येते हे बहुतेकांना ठाऊक असतं. ती परत का येते, याचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

ती चार अक्षरं म्हणजे काय

एसएसएचवरून फेच करताना तुमच्या मशीनवरचं गिट सर्व्हरवर ‘गिट-अपलोड-पॅक’ नावाचा प्रोग्रॅम चालवतं. पुश असेल तर ‘गिट-रिसीव्ह-पॅक’. त्या प्रोग्रॅमच्या स्टँडर्ड आउटपुटवर जे बाइट येतात तेच गिटचं संभाषण. वेगळी वाहिनी नाही, वेगळा पोर्ट नाही. या संभाषणातल्या प्रत्येक ओळीआधी तिची लांबी चार हेक्स (१६ पायाच्या, ० ते ९ आणि ए ते एफ) आकड्यांत लिहिलेली असते, आणि त्या लांबीत हे चार आकडेही धरलेले असतात. प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्व्हरचं पहिलं वाक्य असं येतं:

०००ईव्हर्जन २

रोमनमध्ये ‘व्हर्जन’ची सात अक्षरं, एक स्पेस, एक आकडा, शेवटी न्यूलाइन: दहा बाइट. लांबीचे चार मिळवले की चौदा, म्हणजे हेक्समध्ये ई. एवढाच प्रकार आहे. लांबीच्या जागी ‘००००’ आलं तर त्याचा अर्थ ‘माझं बोलून झालं’. एका ओळीची कमाल लांबी ६५,५२० बाइट.

ही रचना २००५ सालची, गिटच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतली. हे सगळं तसं खुळचटच आहे, पण वाचणाऱ्याचा बफर कधी ओलांडला जात नाही म्हणून असं केलंय, अशी कबुली सोर्समधल्या शेऱ्यातच दिलेली आहे. त्याच शेऱ्यात १ ते ३ ही लांबी चूक मानली होती, कारण लांबीचेच चार बाइट असतात. पुढे दुसऱ्या आवृत्तीने त्या रिकाम्या जागांपैकी दोन वापरून टाकल्या: १ म्हणजे विभाग बदलला, २ म्हणजे उत्तर संपलं.

आता एरर वाचा. गिटने पहिले चार बाइट घेतले, ते हेक्स आकडे निघाले नाहीत, म्हणून त्याने ते चार बाइट जसेच्या तसे तुमच्यासमोर टाकले आणि प्राण सोडला. ‘वेल्क’ म्हणजे ‘वेलकम’ची रोमनमधली पहिली चार अक्षरं. सर्व्हरवर गिट-अपलोड-पॅक तोंड उघडायच्या आधीच कोणीतरी ‘वेलकम टू...’ बोलून गेलंय.

हा कडकपणा गिटचाच. मर्क्युरियल आणि सबव्हर्जन ही गिटसारखीच दुसरी साधनं. मर्क्युरियलचा क्लायंट आधी स्वतः ‘हेलो’ पाठवतो आणि ओळखीचं उत्तर दिसेपर्यंत ५०० ओळींपर्यंत फालतू बडबड सहन करतो, वर डीबग मोडमध्ये ती ‘रिमोट:’ म्हणून दाखवतोही. सबव्हर्जनचा क्लायंट एसएसएच टनेलवर पहिला उघडणारा कंस आणि त्यामागे मोकळी जागा सापडेपर्यंत येणारा कचरा गिळून टाकतो. म्हणून सबव्हर्जनवरून गिटवर आलेल्या जुन्या सर्व्हरवर ‘इतकी वर्षं चाललं की हे’ अशी तक्रार येते, आणि ती खोटी नसते. तेव्हा चालत होतंच.

आधी चार अक्षरं वाचा, मग हात लावा

‘वेल्क’ आलं तर शेलच्या स्टार्टअप फाइलमधला स्वागताचा मजकूर. ‘धिस’चं रोमन स्पेलिंग आलं तर तो अकाउंट बहुधा नोलॉगिन शेलवर टाकलेला आहे, ‘धिस अकाउंट इज करंटली नॉट अव्हेलेबल’ हे वाक्य नोलॉगिन स्टँडर्ड आउटपुटवरच छापतं. ‘प्लीज’ची पहिली चार अक्षरं दिसली तर तुम्ही क्लाउडवरच्या मशीनला रूट म्हणून गेला आहात आणि ते सांगतंय की प्लीज, अमुक युजरने लॉगिन करा. ‘नो’, स्पेस आणि मग ‘एस’ हे विंडोजवर प्लिंक (पुटीचा एसएसएच क्लायंट) वापरणाऱ्यांच्या वाट्याला येतं. तिथे सर्व्हरचा दोष नाही, पेजंटमध्ये (पुटीचा की सांभाळणारा प्रोग्रॅम) की लोड केलेली नाही. प्रश्नचिन्ह आणि चौकोनी कंस दिसला तर रंगीत बॅनर: गिट एरर छापताना कंट्रोल बाइटच्या जागी प्रश्नचिन्ह घालतं, आणि टर्मिनलच्या रंगांचा कोड एस्केप बाइट आणि चौकोनी कंसानेच सुरू होतो. कोलननंतर काहीच दिसत नसेल तर बॅनरची पहिली ओळ रिकामी आहे, बस.

आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे देवनागरी स्वागत. कोणी हौसेने ‘नमस्कार’ छापलं असेल तर एररमध्ये ‘न’ आणि त्यापुढे एक तुटका चौकोन दिसतो. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं. चार बाइटांत ‘न’ पूर्ण येतो आणि ‘म’चा पहिला बाइट लोंबकळत राहतो. हे पाहून ‘फाइलचं एन्कोडिंग बिघडलं’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. काही बिघडलेलं नाही, फक्त मध्येच कापलं गेलंय.

हाच सर्व्हर एसएफटीपीवर (एसएसएचवरून फाइल पाठवण्याची पद्धत) वेगळं गाणं गातो: ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग’ आणि पुढे एक अगडबंब आकडा. तो आकडा म्हणजे तेच पहिले चार बाइट, फक्त ३२ बिटांची संख्या म्हणून वाचलेले. १२१४६०६४४४ हा आकडा हेक्समध्ये लिहून पाहा: ४८, ६५, ६सी, ६सी. म्हणजे ‘हेलो’ची पहिली चार रोमन अक्षरं. ‘नमस्कार’ असेल तर ३७६८८८७५२०. ओपनएसएसएचच्या ९.० आवृत्तीपासून (२०२२) एससीपीसुद्धा आतून एसएफटीपीच वापरतं, त्यामुळे फाइल कॉपी करतानाही आता हाच आकडा दिसतो. आरसिंक त्यातल्या त्यात समजूतदार. ते सरळ विचारतं की तुमचा शेल स्वच्छ आहे का.

आरसिंकच्या मॅन्युअलमधली चाचणी गिटलाही लागू पडते:

एसएसएच युजर@सर्व्हर /बिन/ट्रू | एक्सएक्सडी

‘ट्रू’ काहीच छापत नाही, आणि एक्सएक्सडी आलेले बाइट हेक्समध्ये दाखवतं, त्यामुळे इथे एकही बाइट येता कामा नये. आला, तर तोच तुमचा आगंतुक. स्क्रीनवर काहीतरी दिसलं पण एक्सएक्सडीच्या रकान्यात आलं नाही, तर ते स्टँडर्ड एररवर गेलंय. दिसायला वाईट, गिटसाठी निरुपद्रवी. ‘एसटीटीवाय: इनअप्रोप्रिएट आयऑक्टल’ वगैरे कुरकुर या जातीची असते.

मोटडीच्या (लॉगिन केल्यावर दिसणारा ‘मेसेज ऑफ द डे’) मागे लागू नका. एसएसएचडीचा ‘बॅनर’ ऑथेंटिकेशनच्या टप्प्यात वेगळ्या मेसेजने येतो आणि क्लायंट तो स्टँडर्ड एररवर छापतो. ‘मोटडी’ फक्त माणसाने टर्मिनल उघडलं तरच दाखवली जाते. या दोन्हींचा गिटच्या बाइटांशी संबंध नाही. सर्व्हरच्या हुकमध्ये (पुशच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) ‘इको’ आहे म्हणून हुक उडवू नका. हुकचं आउटपुट गिट स्वतःच व्यवस्थित गुंडाळून ‘रिमोट:’ म्हणून पाठवतं.

एरर येतच नाही, नुसतं लटकतं

हा भाग जास्त त्रासदायक, म्हणून जरा सविस्तर.

आगंतुक मजकुराची पहिली चार अक्षरं योगायोगाने हेक्सच असली तर? समजा कोणी लॉगिनची वेळ छापतोय: ‘२०२५-०३-...’. गिटला वाटतं, ओळीची लांबी हेक्स २०२५, म्हणजे ८,२२९ बाइट. चार वाचून झाले, उरलेल्या ८,२२५ची वाट पाहू. छोट्या रिपॉझिटरीचा सर्व्हर काही शे बाइट पाठवतो आणि क्लायंटच्या उत्तरासाठी थांबतो. क्लायंट सर्व्हरसाठी थांबलेला. दोघे ‘पहले आप’ म्हणत बसतात आणि स्क्रीनवर काही नाही.

रिपॉझिटरीत शेकडो ब्रँच आणि टॅग असतील आणि संभाषण जुन्या आवृत्तीत चाललं असेल, तर तेवढे बाइट भरतातही. मग गिट तो सगळा कालवा एक ओळ समजून वाचतं आणि ‘प्रोटोकॉल एरर: अनएक्स्पेक्टेड’ अशी तिसरीच तक्रार करतं. एकाच सर्व्हरवर लहान रिपॉझिटरी लटकते आणि मोठी वेगळी एरर देते, हे पाहून लोक डिस्क तपासायला जातात.

वर्षाचा आकडा हे सरळ उदाहरण झालं. वस्ताद उदाहरण इंग्रजी ‘ॲडेड’चं. पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या डिरेक्टरींची यादी) अमुक डिरेक्टरी ‘ॲडेड’ केली, असं छापणारी ओळ अनेकांच्या फाइलीत असते. त्या शब्दाची पहिली चार अक्षरं ए, डी, डी, ई: चारही हेक्स, आणि गिटला लहान-मोठ्या लिपीचं सोयरसुतक नाही. लांबी झाली ४४,५१०. कमाल मर्यादेच्या आत, त्यामुळे गिट निमूट वाट पाहत बसतं.

इथे ‘गिट_ट्रेस_पॅकेट’ हे व्हेरिएबल १ करून पाहणारे वैतागतात, कारण त्यात काहीच येत नाही. ट्रेस छापला जातो तो पूर्ण ओळ वाचून झाल्यावर. पहिली ओळच पूर्ण झाली नाही तर छापणार काय? पण हीच खूण आहे. सर्व्हरशी जोडणी झाली, ‘एसएसएच -व्ही’मध्ये ‘सेंडिंग कमांड: गिट-अपलोड-पॅक’ दिसलं, आणि पॅकेट ट्रेस कोरा: म्हणजे पहिल्या चार बाइटांतच घोळ आहे. खात्री करायची तर गिटला मध्ये न घेता सर्व्हरचे बाइट थेट बघा:

प्रिंटएफ ०००० | एसएसएच युजर@सर्व्हर "गिट-अपलोड-पॅक '/एसआरव्ही/गिट/प्रकल्प.गिट'" | एक्सएक्सडी | हेड

तो ‘००००’ आपणच पाठवलेला निरोप आहे, त्यामुळे सर्व्हर रेफची (ब्रँच आणि टॅगच्या नावांची) यादी देऊन सभ्यपणे बाजूला होतो. निरोगी सर्व्हरचं पहिलं वाक्य चार हेक्स आकडे, मग ४० अक्षरांचा हॅश, मग ‘हेड’, असं सुरू होतं. त्याआधी जे दिसेल ते आगंतुक.

मग ती परत का येते

बॅशचं एक जुनं वागणं याच्या मुळाशी आहे. सहसा बॅश ‘.बॅशआरसी’ फक्त माणसासाठी उघडलेल्या शेलमध्ये वाचतं. पण आपल्याला एसएसएचडीने चालवलंय असं त्याला कळलं, तर एकाच कमांडसाठी उघडलेल्या शेलमध्येही ते ती फाइल वाचतं. म्हणून डेबियन आणि उबुंटूच्या मूळ .बॅशआरसीत वरच एक पहारा असतो: शेल इंटरॲक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिर. जोवर हा पहारा जागेवर आहे तोवर खाली कितीही इको, फॉर्च्यून, फिगलेट घाला, गिटला कळत नाही.

आता घटनाक्रम बघा. कोणीतरी नवं गिट ‘/ऑप्ट’मध्ये टाकतं आणि पाथची ओळ सवयीने .बॅशआरसीच्या शेवटी लिहितं. लॉगिन करून पाहिलं, गिट सापडतं. पण फेच केलं की ‘गिट-अपलोड-पॅक: कमांड नॉट फाउंड’, कारण पाथची ओळ पहाऱ्याच्या खाली आहे आणि गिटसाठी उघडलेला शेल तिथपर्यंत पोचतच नाही. इंटरनेटवर शोधलं तर पहिला सल्ला मिळतो: ती ‘रिटर्न’वाली ओळ काढून टाका. काढली. पाथ सापडला, फेच चाललं, सगळे खूश. त्या दिवशी फाइलीत छापणारी एकही ओळ नव्हती, म्हणून चाललं.

पुढे केव्हातरी कोणी स्वागताची ओळ टाकतं आणि ‘वेल्क’ सुरू होतं. मग इको काढला जातो, किंवा कोणी शहाणा पहारा परत लावतो आणि पाथ पुन्हा हरवतो. म्हणजे या दोन एरर एकमेकींच्या उपचारातून जन्मतात. एक घालवायची तर दुसरीही त्याच वेळी घालवावी लागते.

म्हणून क्रम असा ठेवा: पाथ आणि इतर एक्स्पोर्ट सगळ्यात वर, त्याखाली पहारा, आणि जे काही माणसाच्या डोळ्यांसाठी आहे ते पहाऱ्याखाली. पहाऱ्याच्या वर फक्त न बोलणाऱ्या ओळी. हा नियम फाइलीतच दोन ओळींच्या शेऱ्यात लिहून ठेवा, कारण पुढचा माणूस ‘रिटर्न’ पाहून पुन्हा तोच विचार करणार आहे. छापणारी ओळ कुठून येतेय ते सापडत नसेल तर सर्व्हरवर ‘पीएस४’मध्ये बॅश_सोर्स आणि लाइननंबर घालून हे चालवा:

बॅश -एक्ससी '. ~/.बॅशआरसी'

फाइल थेट ‘बॅश -एक्स’ला देऊ नका. स्क्रिप्ट म्हणून चालवलेल्या फाइलीत वरच्या पातळीचा ‘रिटर्न’ एरर देतो आणि गाडी पुढे धावते, त्यामुळे पहाऱ्याखालच्या निर्दोष ओळीही संशयित वाटायला लागतात. सोर्स करूनच बघायचं.

झेडशेल वापरणाऱ्यांसाठी: तुमचा ‘.झेडशआरसी’ निर्दोष आहे, तो फक्त इंटरॲक्टिव्ह शेलमध्ये वाचला जातो. ‘.झेडशएन्व्ह’ मात्र दर वेळी वाचला जातो. तिथे इको नको.

फाइल युजरची नसून सगळ्या सर्व्हरची असेल तर खेळ थोडा बदलतो. रेड हॅट घराण्यात युजरची .बॅशआरसी ‘/ईटीसी/बॅशआरसी’ला बोलावते आणि ती ‘प्रोफाइल.डी’मधल्या स्क्रिप्ट चालवते. पण शेल इंटरॲक्टिव्ह नसेल तर त्यांचं आउटपुट ‘/डेव्ह/नल’कडे वळवलेलं असतं. कोणीतरी हा मार आधी खाल्लेला दिसतो. त्यामुळे प्रोफाइल.डीमध्ये टाकलेलं स्वागत गिटला छळत नाही, पण तेच थेट /ईटीसी/बॅशआरसीत लिहिलं तर सगळ्या अकाउंटना एकदम एरर येते. डेबियनवर त्या जागी ‘/ईटीसी/बॅश.बॅशआरसी’. एका माणसाला एरर आली तर त्याची होम डिरेक्टरी बघा. एकाच सकाळी सगळ्यांना आली तर इथे बघा.

आणखी एक जागा बहुतेक जण विसरतात: ‘ऑथराइज्ड_कीज’मध्ये की-आधी लिहिलेला ‘कमांड=’. त्यामागची रॅपर स्क्रिप्ट कोण आलं, केव्हा आलं ते लॉग करते आणि डीबगिंगच्या वेळी टाकलेला एखादा इको तसाच राहून जातो. तो इको फक्त त्या एका कीला छळतो, त्यामुळे त्याच युजरची लॅपटॉपवरची की चालते आणि बिल्ड सर्व्हरची चालत नाही. स्क्रिप्टला बोलायचंच असेल तर स्टँडर्ड एररवर किंवा सिस्लॉगकडे बोलू द्या.

तुमच्या हातात असेल तर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे रिपॉझिटरीसाठी वेगळा ‘गिट’ युजर आणि त्याचा लॉगिन शेल ‘गिट-शेल’. तो .बॅशआरसी वाचत नाही, गिटच्या ठरलेल्या कमांडींपलीकडे काही चालवत नाही, त्यामुळे स्वागत करायला तिथे कोणी उरतच नाही. शेल बदलण्याआधी गिट-शेलचा पूर्ण पाथ ‘/ईटीसी/शेल्स’मध्ये घाला. प्रत्येक डेव्हलपरचं स्वतंत्र अकाउंट आणि स्वतःच्या डॉटफाइल्स, ही जुनी मांडणी जिथे चालू आहे तिथे ही एरर कधीच कायमची जाणार नाही. माणसं बदलतात आणि प्रत्येकाची बॅनरची आवड वेगळी.

एचटीटीपीएसवरून येणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे शेल नसतो, त्यामुळे वरचं काही लागू नाही. चार अक्षरांत लहान कोन आणि ‘एचटीएम’ किंवा उद्गारचिन्ह दिसलं, किंवा ‘इन्फो/रेफ्स नॉट व्हॅलिड’ आलं, तर मधल्या प्रॉक्सीने किंवा लॉगिनच्या पानाने गिटऐवजी वेबपेज पाठवलंय. कर्लने ‘इन्फो/रेफ्स?सर्व्हिस=गिट-अपलोड-पॅक’ मागवा आणि दोनच गोष्टी पाहा: कंटेंट-टाइपमध्ये ‘गिट-अपलोड-पॅक-ॲडव्हर्टाइजमेंट’ आहे का, आणि मजकूर ‘००१ई# सर्व्हिस=’ने सुरू होतो का. नसेल तर प्रॉक्सीवाल्याला त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा, गिटची एरर पाठवू नका; ती पाहून तो तुम्हालाच परत पाठवेल.

सर्व्हर ॲन्सिबल किंवा तत्सम साधनाने उभे होत असतील तर प्लेबुकच्या शेवटी एक टास्क घाला: नव्याने एसएसएच करून ‘/बिन/ट्रू’ चालवायचं, आउटपुट ‘डब्ल्यूसी -सी’ला द्यायचं आणि शून्याशिवाय दुसरा आकडा आला तर डिप्लॉय फेल करायचं. त्याला जोडून ‘कमांड -व्ही गिट-अपलोड-पॅक’चीही तपासणी ठेवा, म्हणजे बडबडा शेल आणि हरवलेला पाथ दोन्ही एकाच वेळी पकडले जातील. टास्क त्याच युजरने आणि त्याच कीने चालवा ज्याने डेव्हलपर येतात. रूटने चालवलीत तर ती रूटची .बॅशआरसी तपासेल, जिला कोणी हात लावलेलाच नसतो.